पत्रा बदलावा की डागडुजी करावी?



बियाणे, खते, फवारणी, जनावरांचे लसीकरण या गोष्टींवर आपण नेहमी बोलतो. आज मात्र आपल्या डोक्यावरच्या छपराविषयी बोलायचे आहे. धाराशिव जिल्ह्यात उमरग्यापासून परंड्यापर्यंत कुठल्याही गावात जा, राहते घर असो, गोठा असो की शेतातली शेड, वर बहुतेक पत्राच दिसतो. आणि दरवर्षी उन्हाळा आला की घरोघर एकच बोलणे सुरू होते. "पत्रा गळतोय. यंदा बदलून टाकावा का, की आणखी एक पावसाळा काढावा?"

हा निर्णय बरेचदा घाईत होतो. कुणी चार ठिकाणी गळते म्हणून चांगले वीस पत्रे भंगारात घालतो आणि नव्या पत्र्यासाठी कर्ज काढतो. कुणी उलट करतो. पार कुजलेल्या पत्र्यावर दरवर्षी डांबर ओततो, आणि एखाद्या वळवाच्या वावटळीत सगळे छप्पर शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडते. दोन्हीकडे नुकसानच. म्हणून पत्र्याची पारख कशी करायची, हिशेब कसा मांडायचा आणि काम केव्हा व कसे करायचे, हे आज क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट : पत्र्यावरचे दगड

डागडुजी की बदली, हा विचार पुढचा. त्याआधी एक काम आजच करा. पत्र्यावर दगड ठेवलेले असतील तर ते खाली उतरवा.

आपल्याकडे ही जुनी सवय आहे. हुक ढिले झाले, खिळे निघाले, की पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवायचे. दगड नसला तर जुने टायर, तुटके जाते, मातीची पोती, जे हाताशी असेल ते. आता हा दगड खरोखर पत्रा धरतो का, याचा हिशेब करून पाहू.

दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या. त्याचे वजन बारा-तेरा किलो भरते. ताशी ९० किलोमीटर वेगाचा वारा सुटला तर त्याचा जोर एका चौरस मीटरला सुमारे ३८ किलो पडतो. दहा बाय तीनचा पत्रा पावणेतीन चौरस मीटरपेक्षा थोडा जास्त भरतो. म्हणजे त्या एका पत्र्याला वर उचलणारा जोर शंभर किलोच्या पुढे गेला. तुम्ही त्यावर दहा-दहा किलोचे चार दगड ठेवले तरी पत्रा आणि दगड मिळून पन्नास-बावन्न किलोच होतात. पत्रा उडणार, आणि दगडही त्याबरोबर खाली येणार.

मग एरवी दगडाने पत्रा राहतो कसा? वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच पत्र्यावर सव्वीस-सत्तावीस किलोच जोर पडतो. तेवढा दगडाला पेलतो. म्हणून दहा वेळा दगड टिकतो आणि आपला त्यावर विश्वास बसतो. अकराव्या वेळी मोठी वावटळ येते तेव्हा घरातली माणसे नेमकी पावसाच्या भीतीने आत, त्याच पत्र्याखाली बसलेली असतात. वरचा दगड लेकराच्या डोक्यात पडला तर कुठल्या भरपाईने ते नुकसान भरून निघणार?

या जिल्ह्याला तर हे नव्याने सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आपल्याकडचे, आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर, अशी कितीतरी गावे क्षणात जमीनदोस्त झाली. हजारो माणसे गेली. त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद यांच्या ढिगाऱ्याखाली सापडली होती. दीड फूट मातीच्या माळवदाचा भार एका चौरस मीटरला सातशे किलोच्या आसपास होतो. तेवढ्याच जागेवर पत्रा असतो पाच किलोचा. त्यानंतर या भागात लोकांचा ओढा हलक्या छपराकडे वळला, तो योग्यच होता. मग ज्या ओझ्यापासून सुटायला पत्रा आणला, तेच ओझे दगडांच्या रूपाने पुन्हा डोक्यावर कशाला चढवायचे?

एक मात्र ध्यानात ठेवा. दगड उतरवले आणि पत्रा नुसताच मोकळा ठेवला, असे करू नका. दगड उतरवायचा त्याच दिवशी त्या जागी हुक बसवायचा. सगळे हुक एका दिवसात होत नसतील तर निदान कडेच्या ओळी पक्क्या करा.

आधी खालचे पाहा, मग वरचे

छप्पर गळायला लागले की आपण शिडी लावून वर चढतो आणि पत्र्याकडे पाहतो. पाहणी खालून वर करावी. कारण पत्रा उडतो तो बहुतेक वेळा जुना झाला म्हणून उडत नाही. त्याला धरणारे ढिले झाले म्हणून उडतो. पत्र्याला हुक धरतो, हुकाला आडवा दांडा किंवा अँगल धरतो, त्याला कैची किंवा तुळई, तुळईला भिंत किंवा खांब, आणि खांबाला जमीन. यातला एक जरी दुबळा असला तरी वरचा पत्रा कितीही नवा असून उपयोग नाही.

म्हणून दिवसाउजेडी घरात जा आणि या गोष्टी तपासा.

लाकडी दांडे असतील तर खिळ्याचे टोक लाकडात रोवून पाहा. विशेषतः भिंतीत शिरणारे टोक आणि गळतीखालची जागा. खिळा हाताच्या जोराने अर्धा इंच आत गेला तर ते लाकूड कुजले. हातोडीने हळू ठोका. चांगले लाकूड टणक वाजते, पोखरलेले भद वाजते. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर आत भुंगा आहे. भिंतीवरून मातीच्या नळ्या चढल्या असतील तर वाळवी आहे.

लोखंडी अँगल किंवा पाइप असतील तर वेल्डिंगचे जोड पाहा. गंज तिथे आधी लागतो. पाइपाच्या उघड्या तोंडातून पाणी आत जाऊन पाइप आतून खातो, बाहेरून रंग चांगला दिसतो. टिचकी मारून आवाज ऐका.

खांबाचे बूड पाहा. जमिनीलगत, जिथे माती ओली होते आणि जनावराचे मूत साचते, तिथेच खांब खातो. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम भागात अतिवृष्टी होऊन पुराचे पाणी गोठ्यांत शिरले होते. अशा ठिकाणी बुडाची माती वाहून खांब पोकळ जागेवर उभा राहिलेला असू शकतो. दोघांनी मिळून खांब हलवून पाहा. हलला तर भोवती खणून काँक्रीट भरल्याशिवाय वरच्या कामाला हात लावू नका.

शेवटी आडवे दांडे भिंतीला किंवा खांबाला कशाने बांधले आहेत ते पाहा. नुसते ठेवलेले असतील तर वारा पत्रा आणि दांडे दोन्ही एकत्र उचलून नेईल. दांडा लोखंडी पट्टीने किंवा बोल्टने तुळईला, आणि तुळई भिंतीत रुतवलेल्या बोल्टने भिंतीला धरलेली हवी.

मग पत्रा पाहा

पत्र्याची पाहणी सुरू करण्याआधी घरातल्या माय-बहिणीला विचारा. पावसात कुठे पातेले ठेवावे लागते, कुठे बादली, कुठे नुसती ओल येते, हे तिला पाठ असते. ती जागा खडूने जमिनीवर खुणावा. पाणी मात्र भोकाच्या नेमके खाली पडत नाही. ते उताराने दांड्यापर्यंत येते आणि तिथून टपकते. म्हणून जमिनीच्या खुणेपासून चढाच्या बाजूला शोध घ्या.

भर दुपारी दारे-खिडक्या लावून अंधार करा आणि वर पाहा. जिथे उजेडाचे टिपके दिसतील तिथे भोक आहे. तरी न सापडल्यास एकाने वरून बादलीने पाणी ओतावे आणि दुसऱ्याने आतून पाहावे. पाणी खालच्या कडेकडून सुरू करून वर वर ओतत जा. एकदम आढ्यावर ओतले तर सगळीकडे पाणी होऊन काहीच कळत नाही.

आता गंज. पत्रा लोखंडाचा असतो आणि त्यावर जस्ताचा मुलामा असतो. हे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. गव्हावर तांबेरा पडला की आपण पहिल्या पुळ्यांवरूनच ओळखतो. पत्र्याचेही तसेच आहे, वेळीच ओळखावे लागते. त्याच्या तीन अवस्था आहेत.

पहिली अवस्था पांढऱ्या भुकटीची. जस्त झिजू लागले, पण लोखंड शाबूत आहे. धुऊन कोरडे ठेवले तर पत्रा पुष्कळ वर्षे चालतो.

दुसरी अवस्था तांबूस डागांची. तारेच्या ब्रशने घासा. खाली टणक, चकचकीत धातू लागला तर गंज वरवरचा आहे. हा पत्रा प्रायमर व रंग देऊन वाचतो.

तिसरी अवस्था पापुद्र्यांची. घासल्यावर पापुद्रे निघतात, अंगठ्याने दाबले की पत्रा दबतो, खिळ्याचे टोक आरपार जाते. या पत्र्यावर पैसा घालू नका. त्याला ठिगळ लावायला कडेला चांगला धातूच उरलेला नसतो.

प्रत्येक पत्र्यावर खडूने १, २ किंवा ३ असा आकडा घाला. मग मोजा.

निर्णय कसा करावा

आता तुमच्यापुढे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. सांगाडा कसा आहे आणि तीन नंबरचे पत्रे किती आहेत.

सांगाडा चांगला आणि तीन नंबरचे पत्रे चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी, म्हणजे विसात पाचापेक्षा कमी असतील, तर तेवढेच पत्रे बदला आणि बाकीची डागडुजी करा.

सांगाडा चांगला, पण चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पत्रे गेलेले असतील, तर एक बाजू पूर्ण नवी करा. त्या बाजूचे निघालेले चांगले पत्रे दुसऱ्या बाजूच्या खराब पत्र्यांच्या जागी घाला. धान्य, बियाणे आणि झोपण्याची जागा ज्या बाजूखाली असेल तिकडे नवा पत्रा यावा. एक नवा, एक जुना, असे मिसळून घालू नका. जाडी आणि पन्हळी जुळत नाहीत आणि सांध्यातून पाणी येते.

निम्म्याहून अधिक पत्रे गेलेले असतील तर सगळे छप्पर बदलणे शहाणपणाचे.

चौथा प्रकार आपल्याकडे फार दिसतो. पत्रे बरे आहेत, पण खालचे लाकूड कुजले आहे. अशा वेळी पुष्कळ लोक उलटेच करतात. नवे पत्रे आणतात आणि त्याच कुजक्या दांड्यांवर ठोकतात. असे करू नका. पत्रे उतरवा, पैसा सांगाड्यावर घाला आणि तेच जुने पत्रे, जुनी भोके बुजवून, पुन्हा चढवा. जुना पत्रा पक्क्या सांगाड्यावर टिकतो. नवा पत्रा कुजक्या लाकडावर टिकत नाही.

हे चौथा हिस्सा, निम्मा वगैरे प्रमाण अंदाजासाठी आहे. दोन पत्रे इकडे-तिकडे झाले म्हणून अडून बसू नका.

पैशाचा हिशेब

एकूण खर्च न पाहता एका पावसाळ्याला पडणारा खर्च पाहा. उदाहरणासाठी आकडे धरू, तुमच्या गावचे दर तुम्ही घाला. समजा, डागडुजीला पाच हजार रुपये लागतात आणि मिस्त्रीच्या अंदाजाने त्यावर चार पावसाळे निघतील. वर्षाला साडेबाराशे पडले. नव्या छपराला चाळीस हजार लागतात आणि ते वीस वर्षे टिकेल असे धरले, तर वर्षाला दोन हजार पडले. इथे डागडुजी स्वस्त.

पण तेच पाच हजार घालून एकच पावसाळा निघणार असेल तर वर्षाला पाच हजार पडले. इथे नवा पत्रा स्वस्त. कर्ज काढणार असाल तर व्याजही नव्या पत्र्याच्या खर्चात धरा.

यात आणखी एक रक्कम मिळवायची असते, ती आपण विसरतो. गळतीने भिजणाऱ्या मालाची. घरचे सोयाबीन पुढच्या पेरणीला बियाणे म्हणून राखून ठेवले असेल आणि थप्पीवर एका कोपऱ्यातून पाणी टपकले, तर त्या पोत्याची उगवणशक्ती गेलीच म्हणून समजा. भिजलेला कडबा बुरशी धरतो. उस्मानाबादी शेळीची करडे ओल्या जागेत सर्दी आणि फुफ्फुसदाहाला बळी पडतात. दोन पोती बियाणे आणि दोन करडे यांची किंमत मांडा, म्हणजे "आणखी एक पावसाळा काढू" हे कितीला पडते ते कळेल.

डागडुजी करायची तर अशी करा

गळती बहुधा हुकाच्या भोकातून सुरू होते. दहा फुटी पत्रा भर उन्हात तापून सुमारे दीड मिलिमीटर लांबतो आणि रात्री आखडतो. रोजच्या या ओढाताणीने खिळा ढिला होतो आणि भोक लांबट होते. तिथे पुन्हा तोच खिळा ठोकण्यात अर्थ नाही. जाड वायसर आणि त्याखाली रबराचे किंवा डांबरी वायसर घालून हुक-बोल्ट बसवा. लोखंडी सांगाडा असेल तर रबरी वायसरचे स्क्रू मशिनने बसवता येतात. हुक पन्हळीच्या उंचवट्यावर असावा, खोलगट भागात नको. पाणी खोलगट भागातून वाहते.

छपराच्या कडा, कोपरे आणि आढे या जागी वारा सगळ्यांत जास्त ओढतो. मधल्या भागात एक उंचवटा सोडून हुक चालेल, पण वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळीत हुक दाट घ्या. वळचण दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नका. बाहेर आलेला पत्रा वाऱ्याच्या हाती सापडतो.

बारीक भोक असेल तर भोवतीचा गंज ब्रशने काढा, पुसून कोरडे करा, प्रायमर लावा आणि वर डांबरी चिकटपट्टी दाबून बसवा. मोठे भोक असेल तर त्याच जातीच्या पत्र्याचा तुकडा घ्या. तो भोकापेक्षा सगळीकडून तीन इंच मोठा असावा. खाली सीलंट लावून रिबिटाने पक्का करा.

भोकात सिमेंट भरू नका. पुष्कळ ठिकाणी हे करतात. पत्रा लांबतो-आखडतो, सिमेंट तसे करत नाही, म्हणून ते लगेच तडकते. शिवाय ओले सिमेंट जस्ताला खाते. आज बुजवलेले भोक दोन वर्षांनी मोठे होऊन समोर येते.

रंग देताना जस्ताच्या पत्र्याला चालणारा प्रायमर दुकानदाराकडून विचारून घ्या. साधा तेलरंग थेट जस्तावर लावला तर तो सालपटासारखा सुटतो.

जुन्या पत्र्यावर नवा पत्रा अंथरण्याचा मोहही टाळा. दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते, नवा पत्रा खालून गंजतो आणि खालचे कुजलेले लाकूड दिसेनासे होते.

नवा पत्रा घेताना

गेजवर विसंबू नका. जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. रंगीत पत्र्यात रंग आणि मुलामा धरून जाडी सांगतात, म्हणून नुसत्या लोखंडाची जाडी किती तेही विचारा. त्यासोबत मुलाम्याचे वजन विचारा. ते चौरस मीटरला ग्रॅममध्ये असते. १२० ग्रॅमच्या मुलाम्यापेक्षा २७५ ग्रॅमचा मुलामा साहजिकच जास्त वर्षे टिकतो. दोन पत्रे सारखेच चकाकतात, पण एकाच्या अंगावर दुसऱ्याच्या दुप्पट जस्त असू शकते. पत्र्यावर छापलेला मजकूर आणि भारतीय मानक संस्थेची खूण पाहा आणि पक्की पावती घ्या.

फार पातळ पत्रा स्वस्त म्हणून घेऊ नका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट आपण पाहिली आहे. पातळ पत्र्याला गारांनी पोचे पडतात, पोच्यात पाणी साचते आणि तिथून गंज सुरू होतो.

पत्र्यांचा आडवा सांधा दीड ते दोन पन्हळींचा असावा आणि उभा सांधा निदान सहा इंचांचा. उतार कमी असेल तर उभा सांधा वाढवा. सांध्याची उघडी कड पावसाळी वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा. आणलेले पत्रे उघड्यावर एकावर एक रचून ठेवू नका. दोन पत्र्यांत पाणी शिरले तर वापरण्याआधीच पांढरी भुकटी धरते. छपराखाली, तिरके उभे करून ठेवा.

गोठ्याचा पत्रा वेगळा

गोठ्यातला पत्रा वरून पाहू नका, खालून पाहा. जनावरांच्या मुताचा जो झोंबरा वास येतो तो अमोनियाचा. ही वाफ वर जाते, पत्र्याला लागते आणि ओलीबरोबर मुलामा खाते. म्हणून वरून चकचकीत दिसणारा पत्रा आतून कुजलेला असू शकतो. मुताला बाहेर जायला नाली काढा, जमिनीला उतार द्या आणि आढ्याखाली हवा जायला जागा ठेवा. त्याने पत्रा टिकतो आणि जनावराचाही श्वास मोकळा राहतो. युरिया आणि इतर खतांच्या गोण्याही पत्र्याच्या भिंतीला लावून ठेवू नका. खताचे पाणी सुटले की पत्रा खातो.

उन्हाळ्यात गोठा थंड राहावा म्हणून आपण पत्र्यावर पाचट किंवा कडबा पसरतो. जनावरासाठी ते चांगले आहे. पण पावसाआधी तो थर काढलाच पाहिजे. ओले पाचट पत्र्याला चिकटून राहिले तर एका पावसाळ्यात तीन पावसाळ्यांचे नुकसान करते. लिंबाच्या झाडाखालच्या पत्र्यावर साठणारा पालाही तसाच झाडून काढावा.

वर चढताना

आता सर्वांत महत्त्वाचे. वर चढण्याआधी घराचा मेन स्विच बंद करा. पत्र्याला टेकलेली, कातडे गेलेली वायर असेल तर सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. शेतातल्या शेडवरून तारा गेल्या असतील तर लांब पत्रा उभा धरून नेऊ नका. घरावर येणारी वायर पत्र्यावर लोळत असेल तर ती उंच खांबावरून घ्यायला लावा. वायरमनला बोलवा, स्वतः हात घालू नका.

गंजलेल्या पत्र्यावर सरळ पाय देऊ नका. खाली दांडा आहे अशा हुकाच्या ओळीवर लांब फळी टाका आणि फळीवरून चाला. सिमेंटचा पत्रा असेल तर ही काळजी दुप्पट घ्या, तो एकदम फुटतो. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो. तो करवतीने कापू नका, फोडू नका. त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन कायमचे दुखणे लावते. वारा असताना, दव असताना आणि एकट्याने हे काम करायचे नाही.

काम केव्हा करावे

वळवाचे वारे एप्रिल-मे महिन्यात येतात. म्हणजे काम पाडव्याच्या सुमारास संपलेले हवे. दिवाळीला सोयाबीनचा पैसा हातात येतो आणि पावसाळ्याच्या गळतीची आठवणही ताजी असते. तेव्हाच पाहणी करा, आकडे घाला आणि पैसा बाजूला काढा. थंडीत मिस्त्री मिळतो आणि घाई नसते. मे महिन्यात आभाळ भरून आल्यावर धावपळ केली तर मजुरी जास्त पडते आणि काम कच्चे होते.

छपराचे चार फोटो मोबाइलवर काढून ठेवा. कधी वादळात नुकसान झालेच, तर लगेच तलाठी भाऊसाहेबांना आणि ग्रामपंचायतीला कळवून पंचनामा करून घ्या. छप्पर आधी कसे होते ते दाखवायला हे फोटो उपयोगी पडतात.

तर बंधू-भगिनींनो, आजच्या बोलण्यातली कामे क्रमाने सांगतो. दगड उतरवा आणि त्याच दिवशी हुक बसवा. सांगाडा खालून वर तपासा. पत्र्यांना आकडे घाला आणि मोजा. खर्च एका पावसाळ्याच्या हिशेबाने मांडा. डागडुजी निघो की नवा पत्रा, काम वळवाच्या आधी उरका. ज्यांच्या पत्र्यावर आज दगड आहेत, त्यांनी हे पत्रक घडी घालून ठेवण्याआधी एकदा अंगणात जाऊन वर पाहावे आणि दगड मोजावेत.

रामराम.